दीड तासाचं माहेर

अगं, काल रात्री तुझा निरोप वाचला. 'ताई, कोल्हापूर ते नागपूर विमानानं अंतर किती आणि वेळ किती लागतो?' एवढंच विचारलंस. पण खरं सांगू का, वाचताना मला त्यामागचं सगळं दिसलं. मांडीवर नऊ महिन्यांची लेक, ती कळती झाल्यावरची पहिलीच माहेरची फेरी, सासूबाईंचं 'एवढ्याशा लेकराला विमानात कशाला', नवऱ्याला रजा नाही, आणि तिकडे आईनं आत्तापासूनच पाळणा धुऊन उन्हात ठेवलेला. मीही नागपूरचीच ना गं. लग्न होऊन इकडे आले त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हा आधी जरा टेक, घोटभर पाणी पी आणि मग सावकाश वाच. तुला सगळं जमणार आहे, फक्त हिशेब नीट मांडून घेऊ.

आधी आकडा देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. उजळाईवाडीचा आपला विमानतळ आणि सोनेगावचा नागपूरचा विमानतळ, यांच्यात सरळ रेघ ओढली तर अंतर साधारण ७०० किलोमीटर भरतं. थेट जेट विमान असलं तर वेळापत्रकात त्याला सुमारे दीड तास दिलेला असतो. पंख्यांचं छोटं विमान असलं तर आणखी पंधरा-वीस मिनिटं धर. झालं तुझं उत्तर.

आता हेच अंतर जमिनीवरून बघ. मोटारीनं गेलीस तर सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. आणि आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस? ती बिचारी कोल्हापूरहून मिरज, सातारा, पुणे, दौंड करत आधी पार मनमाडपर्यंत वर जाते, मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला येते आणि पुढे गोंदियाला टेकते. कोल्हापूर ते गोंदिया १,३४६ किलोमीटर, आणि सगळी धाव एकाच राज्यात. तुझ्या वाट्याला त्यातले बाराशेच्या वर येतात. म्हणजे विमान ज्या दोन गावांना ७०० किलोमीटरवर ठेवतं, त्यांनाच ही गाडी बाराशेंवर नेऊन ठेवते, कारण रूळ डोंगर चढल्यासारखे आधी उत्तरेला जातात आणि मग पूर्वेला वळतात. लग्नानंतरची पहिली आठ वर्षं मी तिनंच जायचे. दुपारी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर उतरायचं. माझा मोठा तेव्हा वर्षाचा होता. दौंडच्या पुढे रात्री दोनला तो रडायला लागला की अख्खा डबा जागा व्हायचा, आणि मी दाराशी त्याला खांद्यावर घेऊन उभी. त्या रात्री आठवल्या की तुझ्या दीड तासाचं मोल मला फार वाटतं.

पण बघ, त्या दीड तासाचाही अर्थ समजून घे, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पळतं. मग ७०० किलोमीटरला एक तासही लागायला नको, असं तुझ्या हिशेबी नवऱ्याला वाटणारच. मलाही वाटलं होतं. पण वेळापत्रकातली वेळ ही विमान आपल्या थांब्यावरून हललं तिथपासून ते दुसऱ्या गावी थांब्यावर जाऊन उभं राहिलं तिथपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, वर चढणं आलं, उतरताना वाऱ्याची दिशा बघून धावपट्टीच्या योग्य टोकाला वळसा घालणं आलं. चढताना आणि उतरताना विमान त्या ८०० च्या वेगानं जातच नाही. शिवाय ते आपल्या सरळ रेघेवरूनही जात नाही, आखून दिलेल्या हवाई मार्गानं जातं.

आणि इतक्या जवळच्या प्रवासात चढ-उतारच जास्त असतो बरं का. उतरण्याची सुरुवात गावापासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आधीच होते. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर लागतं. म्हणजे ७०० पैकी मधले जेमतेम तीनशे किलोमीटर विमान निवांत सपाट जातं. तुझ्यासाठी याचा अर्थ अगदी घरगुती आहे. पट्टा सोडून उठता येईल असा वेळ फार तर अर्धा तास, त्यातच सगळ्यांना स्वच्छतागृहाची आठवण होते, आणि ते स्वच्छतागृह केवढंसं! तेव्हा बाळाचा लंगोट चढण्याआधी विमानतळावरच बदल. भूक लागलेली असो वा नसो, तूही दोन घास तिथेच खाऊन घे.

वाऱ्याचंही सांगते. हिवाळ्यात खूप उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. नागपूर आपल्या ईशान्येला, म्हणून थंडीत जाताना वारा पाठीशी असतो आणि परत येताना तोंडावर. फरक चार-पाच मिनिटांचाच पडतो, पण येताना उशीर वाटला तर घाबरू नकोस. उन्हाळ्याचं मात्र ध्यानात ठेव. मे महिन्यात नागपूरची जमीन दुपारी अशी तापते की वर उठणारी गरम हवा विमानाला हिसके देते. त्यात धोका काही नाही, पोटात मात्र ढवळतं. लेकराला घेऊन जाताना शक्यतो सकाळचं विमान बघ.

आता खरा हिशेब. विमानाचा वेळ मोजू नकोस, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा मोज. राजारामपुरीतून उजळाईवाडी नऊ-दहा किलोमीटर, पण कावळा नाक्याची आणि शाहू नाक्याची गर्दी धरून अर्धा तास ठेव. विमानतळावर दोन तास आधी. छोटा विमानतळ आहे, रांगा फार नसतात, पण सामानाची खिडकी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात आणि विमानात चढायचं दार पंचवीस मिनिटं आधी. ती वेळ एकदा हुकली की हात जोडून उपयोग नसतो. मग उड्डाणाचा दीड तास. सोनेगावला सामान हातात यायला अर्धा तास, आणि तिथून माहेरच्या दारात आणखी अर्धा तास. किती झाले? पाच. सासूबाईंना 'दीड तासात पोचते' असं सांगू नकोस, पाच तास सांग. नाहीतर दोन तासांनी फोन सुरू होतील आणि तू बाळाला सांभाळशील की फोनला?

एक माझी गोष्ट सांगते. ती सांगताना अजूनही मला वाईट वाटतं, पण तुझ्या उपयोगाची आहे. भाच्याची मुंज होती, नागपूरला, सकाळी अकराचा मुहूर्त. मी म्हटलं, पहाटे निघू, विमानानं मुंबईमार्गे जाऊ, दहाला कार्यालयात. दोन वेगवेगळी तिकिटं काढली, कारण तशी स्वस्त पडत होती. पहिलं विमान ढगांमुळे दोन तास उशिरा सुटलं, तोवर मुंबईहून दुसरं निघून गेलं. तिकिटं वेगळी, त्यामुळे पुढच्या कंपनीनं हात वर केले, आणि त्यांच्या नियमात ते बसतही होतं. भाच्याचं मातृभोजन चाललं होतं तेव्हा मी मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसले होते, पर्समध्ये त्याच्यासाठी केलेली चांदीची वाटी. दादानं फोनवर दाखवलं, पण ते दाखवणं म्हणजे काय गं. तेव्हापासून माझा पक्का नियम आहे. कार्य असेल तर आदल्या दिवशी पोचायचं. आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर एकाच तिकिटावर. म्हणजे पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय करणं त्यांच्या अंगावर येतं.

तू म्हणशील, थेट विमान आहे की! असेल तर छानच. पण अशा छोट्या मार्गांवरची विमानं रोज नसतात, वार ठरलेले असतात, आणि हंगाम बदलला की वेळा आणि वारही बदलतात. कधी मार्गच बंद होतो, मग कधीतरी पुन्हा सुरू होतो. याचं कारण कळलं की राग येत नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं उडान योजना आणली. छोट्या गावांना विमानानं जोडायचं, तासाभराच्या प्रवासाला काही जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत ठेवायचं, आणि कंपनीची तूट सरकारनं भरून द्यायची, असा तिचा घाट. पण ही तूटभरपाई साधारण तीन वर्षांपुरती असते. त्यानंतर त्या मार्गाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि सगळ्यांना ते जमत नाही. म्हणून तुझ्या मैत्रिणीनं दोन वर्षांपूर्वी ज्या वारी प्रवास केला, त्या वारी आज विमान असेलच असं धरून चालू नकोस. कंपनीच्या स्वतःच्या पानावर तारीख टाकून बघ. अंतर आणि वेळ सांगणारी पानं ढीगभर असतात गं, पण त्यातली बरीच फक्त नकाशावरचं गणित करून दाखवतात. तिथे दोन गावांमध्ये एक तास दहा मिनिटं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्या दोन गावांत एकही विमान उडत नसतं.

माझं मत विचारशील तर आपल्यासारख्यांसाठी हे मार्ग टिकायलाच हवेत. मुंबई-दिल्लीच्या माणसाला दहा विमानं आहेत. आपल्याकडे एक विमान बंद झालं की एका लेकीचं माहेर पुन्हा पंचवीस तास लांब जातं.

आणि तुझा हक्कही सांगून ठेवते, कारण आपण बायका काउंटरवर लगेच गप्प बसतो. आपल्याइतक्या अंतराच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची व्यवस्था कंपनीनं करायची असते. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तू ठरवायचं. वेळेवर न कळवता विमान रद्द केलं तर पैसे परत मिळतातच, वर भरपाईही. ती उड्डाणाच्या वेळेवर ठरते, आणि एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती. धुकं, पाऊस, वादळ असं कारण असेल तर भरपाई नाही, पण परतावा आहेच. म्हणून तिकीट काढताना फोन नंबर तुझाच घाल. एजंटानं स्वतःचा घातला तर रद्द झाल्याचा निरोप त्याच्या खिशात वाजतो.

आता लेकीकडे येऊ, तुझं सगळं लक्ष तिकडेच आहे हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, पण त्याचंही तिकीट लागतं. तुझं काढतानाच तिचं नाव घाल, कारण एका विमानात अशी किती तान्ही न्यायची याला मर्यादा असते. तिच्या जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेव, वय विचारतात. विमानात तुझ्या पट्ट्याला अडकवायचा छोटा पट्टा तिच्यासाठी देतात. दिला नाही तर हवाई सुंदरीकडे मागून घे, संकोच करू नकोस.

तिच्या कानांचं सांगते. विमान दहा किलोमीटर उंचीवर असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते, तरीही ती जमिनीसारखी दाट नसते. जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीवर असते तितपत विरळ होते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून तू अंदाज बांध. खाली उतरताना तो दाब पुन्हा वाढतो आणि कानात दडे बसतात. मोठ्या माणसाला आवंढा गिळता येतो, लेकराला ते कळत नाही. म्हणून चढताना नव्हे, उतरताना तिला पाजायचं. वैमानिकानं उतरत असल्याचं सांगितलं की पदर घे आणि पाज. गिळताना कान आपोआप मोकळे होतात. चढतानाच सगळं दूध संपवलंस तर उतरताना ती तोंडही लावणार नाही. आणि नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखव, गरज पडली तर तारीख पुढे ढकल. माहेर कुठे पळून जात नाही.

दूध, गरम पाण्याचा छोटा थर्मास, मऊ भात किंवा नाचणीची पेज, बाळाला लागेल एवढं हातातल्या पिशवीत नेता येतं. तपासणीत उघडून दाखवावं लागेल, म्हणून ते वरच ठेव. एक टोपडं आणि एक सुती दुपटंही वरच. छोट्या विमानतळावर बरेचदा उन्हातून चालत जाऊन शिडीनं चढावं लागतं आणि आत गेल्यावर एकदम गार लागतं. घडीची बाबागाडी असेल तर बहुतेक कंपन्या वेगळे पैसे न घेता नेतात, शिडीपाशी ताब्यात घेतात.

सामान बहुतेक ठिकाणी विमानाच्या पोटात १५ किलो आणि हातात ७ किलो. घरच्या काट्यावर तोलून घे गं. माझ्या बॅगेत एकदा काउंटरवर चार किलो जास्त भरले होते. आईनं दिलेली ज्वारी होती, आणि मला ती सोडवेना. भरलेल्या पैशांत इथे दुप्पट आली असती. कांदा-लसूण मसाला, लोणचं, तूप, काकवी हे सगळं पोटातल्या बॅगेत. हातात ठेवलंस तर तपासणीत काढून घेतील. आणि तिखटाच्या डब्याला नुसतं झाकण पुरत नाही. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, मग पिशवी, आणि ती पिशवी जुन्या टॉवेलात. मसाल्याचं तेल सुटतं, आणि ते माझ्या आईसाठी घेतलेल्या मोतिया रंगाच्या साडीवर असं पसरलं होतं की दोनदा धुऊनही काठाजवळचा लाल डाग राहिला. आईनं ती साडी तशीच नेसली, ही तिची माया. नारळ नेऊ नकोस, ओटीचा नारळ नागपुरात मिळतो. मोबाइल चार्ज करायची बॅटरी मात्र उलट, ती पोटात चालत नाही, हातातच ठेवायची.

आणि समजा तुझ्या तारखेला थेट विमान नसलंच, तर हताश होऊ नकोस. पुण्याहून नागपूरला विमानं भरपूर आहेत. कोल्हापूर ते पुणे रस्त्यानं २३५ किलोमीटरच्या आसपास, चार-साडेचार तास. मध्ये साताऱ्याला थांबून बाळाला पाय हलवायला दे. पुण्यातलं रात्रीचं विमान टाळ, दुपारचं घे. बेळगावही तपासून बघ, ते सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. रस्ता आणि विमान दोन्ही धरून दिवस मोडेल, पण रात्र मोडणार नाही. तान्ह्या बाळाच्या आईला रात्र महत्त्वाची.

सासूबाईंचं काय करायचं ते मी बघते. त्यांना काळजी आहे, विरोध नाही, हे तू विसरू नकोस. त्यांनी स्वतः माहेरी बैलगाडीतून आणि एसटीतून चार-चार लेकरं नेली आहेत. त्यांना वाटतं, एवढ्या उंचावर लेकराला काही झालं तर उतरणार कुठे. त्यांना विमानतळावर बरोबर घेऊन चल. हा आपला विमानतळ १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी सुरू केला, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमानानं सांगता येतं. बाहेरून विमान उडताना एकदा त्यांच्या डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती तिथेच उतरेल.

तू आज एवढंच कर. कंपनीच्या पानावर वार बघ, सकाळचं विमान निवड, लेकीचं नाव घाल, आणि जन्मदाखला कपाटातून काढून पर्समध्ये ठेव. बाकीचं भरायला मी रविवारी येते, तोलकाटा आणि चिकटपट्टी घेऊन. उजळाईवाडीला सोडायलाही माझीच गाडी.